जास्तीचा 'तर'

छापखान्यातल्या जुळाऱ्याने अक्षरं जुळवता जुळवता पुष्कळांची वाकडी वाक्यं सरळ केली होती. पण त्याने सरळ केलेल्या एका वाक्यामुळे शेजारच्या बाईंचा भोपळ्या नावाचा कुत्रा पार आडवा झाला.

वाक्य मुळात जनावरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरकाकांचं. तीस वर्षं पट्ट्या बांधून त्यांच्या दहापैकी सात बोटांवर दातांच्या खुणा होत्या, आणि कुठली खूण कोणाची हे ते कौतुकाने सांगत. कुत्रा म्हणजे पेशंट, माणसं नातेवाईक. पेशंट बाकावर बसणार, नातेवाइकांनी उभं राहायचं. मात्र काकांच्या बोलण्यात स्वल्पविराम औषधालाही सापडत नसे. दवाखान्यात वाटायचं पत्रक त्यांनी एका पेशंटचा कान धरूनच जुळाऱ्याला एका दमात सांगितलं: आंघोळीनंतर कान पुसा बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा पाण्याचं भांडं रोज घासा शाबासकी म्हणून मनुका द्यायची नाही काकडी द्यायची.

शेवटचं वाक्य जुळाऱ्याला लंगडं वाटलं. त्याने एक स्वल्पविराम घातला, पदरचा एक 'तर' घातला. 'मनुका द्यायची, नाही तर काकडी द्यायची.' बायकोलाही वाचून दाखवलं. आता कसं वाक्यासारखं वाक्य झालं, असं ती म्हणाली.

बाई निवृत्त शिक्षिका. छापलेलं चुकत नाही, यावर त्यांची श्रद्धा. भोपळ्या नुकताच पंजा द्यायला शिकला होता. पंजा दिला की मनुका, असं करता करता मूठभर झाल्या. संध्याकाळी ओकाऱ्या सुरू. त्याला दवाखान्यात उचलून नेणारा जुळारीच होता. मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, दोन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. बाईंनी पर्समधून पत्रक काढलं. जुळाऱ्याला त्यात दुसरं अक्षरच दिसेना. नुसता 'तर'.

शाई फिकी उठलीय, अशी थाप मारत तो घरोघरून पत्रकं गोळा करत सुटला. काकांच्या तो 'तर' एका नजरेत लक्षात आला होता. तरी बाईंना त्यांनी इतकंच सांगितलं, की माझंच बोलणं एका दमातलं, कोणाला काय कळणार. हे ऐकल्यावर जुळाऱ्याला जेवण गोड लागेना. दोन शिव्या हासडल्या असत्या तर घास तरी उतरला असता. सलाइनखाली पडलेल्या भोपळ्याने त्याला बघून शेपटीचं टोक हलवलं, तेव्हा तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तिसऱ्या दिवशी तपासणी चांगली आली. भोपळ्याने काकांना पंजा दिला, काकांनी त्याला काकडीचा तुकडा. तेवढ्यात जुळाऱ्याने बाई आणि काका दोघांसमोर सगळं ओकून टाकलं: स्वल्पविराम, 'तर', फिकी शाई, सगळं.

बाईंनी नापासाची वही परत करावी तसं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "खोटं बोललास त्याचे वेगळे गुण कापले," एवढंच म्हणाल्या आणि भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जुळारी काकांकडे वळला. नवीन पत्रक फुकट छापतो, या वेळी भाषा अशी शुद्ध करतो की कोणी बोट ठेवणार नाही, असं काकुळतीला येऊन म्हणाला.

काका पट्टी गुंडाळत म्हणाले, "माझं अशुद्धच छाप, कुत्री वाचतील."