उणे भरलेलं बाळ

पडदा वर जातो. दवाखान्यातली उजेडाची खोली. मधोमध पांढरं टेबल, टेबलावर बाळांचं वजन करायचा काटा. भिंतीलगतच्या बाकांवर आया बसल्यात आणि त्यांच्या मांडीवर एकापेक्षा एक वरच्या पट्टीत रडणारी मंडळी. या कोलाहलात एकच बाई हसतमुख उभी आहे, बाह्या वर सरसावून. ही आपली नायिका. सगळे तिला वजनाची मावशी म्हणतात.

मावशी माझी शेजारीण. माझे नाटकांचे दौरे संपले तेव्हापासून संध्याकाळचा चहा आम्ही एकत्र घेतो. तिचं उभं आयुष्य त्या काट्यापाशी गेलं. बाळ घ्यायचं, छातीशी धरून गप्प करायचं, पारड्यात ठेवायचं आणि किती भरलं ते खणखणीत आवाजात सांगायचं. तिला स्वतःचं मूल नाही. "माझी रोज नवी होतात," म्हणायची.

मग बटणांचा नवा काटा आला आणि पाठोपाठ परक्या मुलखातल्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वजनाचं सगळं बोलणं यापुढे इंग्रजीत, असं ठरलं. मावशीला जमलं तर ती काट्यापाशी, नाहीतर चादरी धुवायच्या खोलीत. चादरी धुवायला तिची ना नव्हती. पण चादर छातीशी धरली म्हणून रडायची थांबत नाही.

"घाबरतेस कशाला? तालीम करू," मी म्हटलं.

तालीम सुरू झाली. 'हाऊ मच डझ ही वे?' म्हणजे तो किती भरला.

"शब्दाला शब्द सांगा, ताई."

"तो किती वजन करतो."

"बाळ वजन करतं? मग इतकी वर्षं मी तिथे काय करतेय?"

वजन वाढण्याला 'पुट ऑन' म्हणतात आणि 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणं, हे ऐकून तर ती उठूनच उभी राहिली. "मी बाळाच्या अंगातलं काढून वजन करते, आणि हे लोक वजनच अंगात घालतात?" 'अंडरवेट'पाशी पुन्हा गाडी अडली. "वजनाच्या खाली? खाली तर टेबल आहे!"

शेवटी मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "हे बघ. मुकुट, शेला, दागिन्यांसकट मी रंगमंचावर येते ती ग्रॉस. तो सगळा साज म्हणजे टेअर. आणि तो उतरवल्यावर घरी जाते ती नेट."

मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "मग ताई, तुमचं नेट फारच कमी निघालं हो."

पण ग्रॉस, टेअर, नेट हा क्रम तिला पाठ झाला. भांडी घासतानाही तोच जप.

परीक्षेच्या दिवशी तिने मला बाकावर बसवलं. "काही बोलू नका, नुसत्या दिसत राहा." हवा गार होती. डॉक्टरीणबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ तिच्या हाती दिलं आणि तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, काट्यावर दुपट्यासकट ठेवा, वजन मात्र नुसत्या बाळाचं सांगा.

मावशीने बाळाला गप्प केलं. मग दुपट्यासकट काट्यावर ठेवलं. "ग्रॉस!" आकडा उमटला. ऐटीत बटण दाबलं. "टेअर!" आणि माझ्याकडे विजयी नजर टाकून, "नेट!"

काट्यावर शून्य.

"अहो, माझं बाळ शून्य कसं?" त्याची आई ओरडली.

मावशीने घाबरून बाळ उचललं. आता आकडा आला, पण त्याच्याआधी उण्याची खूण.

"उणे?" आई रडायलाच लागली. "मघाशी निदान शून्य तरी होतं!"

मावशी बाळाकडे बघे, काट्याकडे बघे. मग भर खोलीत माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, पुढचं वाक्य काय?"



डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी बाळाला आपल्या शालीत घेतलं, आधी दुपटं तेवढं काट्यावर पसरून बटणाने काटा शून्यावर आणला आणि मग त्यावर बाळ ठेवलं. वजन बरोबर आलं. पण मावशीच्या हातून सुटल्यापासून बाळाने जो टाहो फोडला, तो त्यांना आवरेना. त्यांनी खांद्यावर घेऊन पाहिलं, झुलवून पाहिलं. शेवटी हरून परत मावशीकडे दिलं. बाळ लगेच गप्प झालं.  डॉक्टरीणबाई आधी काट्याकडे, नंतर मावशीकडे बोट करत म्हणाल्या, "बटण मी. बाळ तुम्ही."

संध्याकाळी मावशीचा चहा निवून गेला तरी कपाळावरची आठी तशीच. काट्यापाशी राहायला मिळालं, मग आता कसला विचार, मी विचारलं.

"ताई, तुमचं ते ग्रॉस आणि नेट मला अजूनही कळलेलं नाही. पण बाळ उचलल्यावर त्या काट्यालासुद्धा कमी वाटलं, एवढं मात्र कळलं."