हसू ऐकणारी बाई

नाशिक रोडच्या थिएटरात, बायकांच्या रांगेत, ती माझ्या शेजारी एकदाच बसली. मी तेव्हा नवी सून, शिंक आली तरी आधी सासूबाईंकडे बघणारी बावळट. सुनेनं तोंडात पदर धरूनच हसायचं, असा सासूबाईंचा दंडक होता. सिनेमा विनोदी. सारं गाव टोपी घाल म्हणून मागे लागलेलं आणि नायक आपला बोडक्यानं हिंडतोय. लोक हसून लोळत होते, मी पदर चावत होते.

शेजारणीचे खांदे गदगदत होते. पडद्याचा उजेड पडला तेव्हा दिसलं, तिचा जबडा सताड उघडा होता, पण हसण्याचा आवाज निघत नव्हता.

माझ्याकडे न वळता ती म्हणाली, "पदर काढ गं बाई. मीबी लय वर्षं धरला. सासू गेल्यावर काढला, तर आत हसूच नव्हतं."

पुढच्या विनोदाला मी पदर सोडून खदखदून हसले. पलीकडे बसलेल्या सासूबाईंनी चिमटा काढला, "अगं, लोक बघतायत."

शेजारणीनं मात्र डोळे मिटून कान माझ्या तोंडाशी आणला आणि पुटपुटली, "थांबू नको. अजून हस."

घाबरून मी सिनेमा संपेपर्यंत हसत राहिले, नायकाची आई मेली तेव्हासुद्धा.