सईचं झाकलेलं ताट

आधी हे सांगून टाकते, की भूत, करणी, झपाटणं या सगळ्याला मी आयुष्यभर खो-खो हसत आलेय. नागपूरला आमच्या मोहल्ल्यातल्या चिंचेवर हडळ होती म्हणे. मी तिच्याच फांदीवर बसून चिंचा खायची आणि चिंचोके तिच्या डोक्यावर थुंकायची. शेवटी कंटाळून हडळच गाव सोडून गेली! माझ्या बोलण्यात पाव किलोला दोन किलो भर असते, हे इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना माहीत आहे. पण आज लिहितेय त्यात चिमूटभरही नाही... असती तर बरं झालं असतं.

मी टेक्सासमध्ये एका सोरोरिटीच्या, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या क्लबच्या, घरात हाउस मदर आहे; तिथेच राहून घर आणि मुली सांभाळते. आमचे हे गेल्यावर रेडमंडहून मुलगा म्हणाला, "आई, बेसमेंट रिकामं आहे, ये." म्हटलं, बाबा रे, तळघरात ठेवलेल्या बटाट्यासारखे कोंब फुटतील मला. त्यापेक्षा ही नोकरी धरली. एकही जास्तीचं बाळंतपण न करता साठ मुलींची आई झाले! साठ हेअर ड्रायर एकदम सुरू झाले की अर्ध्या गावाचे दिवे मंद होतात. कुमुद म्हणता येत नाही म्हणून मुली मला 'मॉम के' म्हणतात.

मंडळातल्या बायका विचारतात, "काकू, पोरगी सोरोरिटीत जायचं म्हणतेय. फायदे काय हो?" ओळखी होतात, पुढे नोकरीत शिफारस मिळते, मोठं घर, पार्ट्या... ते सगळं आहेच. मी मात्र एकच फायदा सांगायची — लेट प्लेट. एखादीला जेवायला उशीर होणार असेल तर ती किचनला मेसेज करते. मग आमची कूक रोझा तिचं ताट वाढते, फॉइल लावते, वर मार्करनं नाव लिहिते आणि फ्रीजमध्ये ठेवते. एवढ्या जत्रेएवढ्या कॉलेजात तुमची पोरगी जेवली की नाही हे कोण बघणार? इथे तिचं ताट झाकलेलं असतं.

मंडळातली, प्लेनो गावची वैशाली याच वाक्याला भुलली. तिची मुलगी सई अबोल, एकुलती एक. वैशाली म्हणाली, "काकू, तुमच्या भरवशावर ठेवतेय हं." मी म्हटलं, "अगं, तुझ्यापेक्षा दोन घास जास्त खाईल!"

सोरोरिटीत प्रत्येक नव्या मुलीला एक मोठी बहीण देतात, 'बिग' म्हणतात तिला. सईची बिग हेली. उंच, हसरी, आवाज असा की हायवेवरचे ट्रक बाजूला व्हावेत. आपली बिग कोण हे नव्या मुलीला एका ठरल्या दिवशीच कळतं; त्या दिवसासाठी सईच्या नावाचा बॅनर करायचा म्हणून हेली माझ्याकडे आली. "मॉम के, तिचं नाव तुमच्या अक्षरात शिकवा ना." दुपारभर बसून गिरवलं तिनं. 'सई'तल्या 'ई'चं शेपूट ती असं गोल-गोल फिरवायची की जिलबीच वाटावी. मी ओरडायची, ती आणखी एक वेढा घालायची. पुढे सईला लॅबमुळे उशीर झाला की तिचं ताट हेलीच वर घेऊन जायची, आणि ती खाईपर्यंत पलंगावर मांडी घालून बसायची.

ख्रिसमसच्या सुट्टीवरून परत येताना हायवेवर बर्फ होता. हेलीची गाडी... आली नाही.

सई रडली नाही. विचारलं की एकच उत्तर, "आय ॲम फाइन, मावशी." (मला आजी म्हणायचं नाही असा माझा कायदा आहे.) जेवायला खाली यायची बंद झाली. पण फ्रीजमध्ये रोज तिचं ताट दिसायचं. फॉइलवर मराठीत 'सई' लिहिलेलं. संध्याकाळी असायचं, सकाळी नसायचं. म्हटलं, रोझा बिचारी किती करते! नाव मराठीत कसं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही असं नाही. वाटलं, रोझानं त्या बॅनरवरून उतरवलं असेल. ताट जातंय ना वर, मग पोरगी खातेय. मी वैशालीला फोनवर सांगायची, "अगदी पोटभर!"

एका दुपारी दोन वाजता दूध काढायला फ्रीज उघडला, तर आदल्या दिवशीचं ताट तिथेच. मी रोझाला म्हटलं, "आज सईनं नेलं नाही वाटतं?"

रोझा कांदा चिरत होती. "मला काय विचारता? तुम्हीच ठेवता ना ते."

"मी? अगं, मी कशाला ठेवीन?"

"मॉम के, प्लीज. ती तुमची भाषा आहे. मला त्यातलं एक अक्षरही लिहिता येत नाही. सईनं तर सुट्टीनंतर एकदाही मेसेज केलेला नाही. मला वाटलं, तुम्हीच तिला लाडानं भरवताय."

मी फॉइलकडे नीट बघितलं. 'ई'च्या शेपटाला तीन वेढे होते.

ताट उचललं आणि हात भाजला. रात्रभर फ्रीजमध्ये होतं ते. शेजारचं दूध थंडगार, आणि फॉइलच्या कडेनं वाफ निघत होती. रोझानंही बोट लावून बघितलं आणि छातीवर क्रॉस काढला.

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. माझे गुडघे एरवी पायरीगणिक शिव्या देतात. सईची खोली एकटीची, दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. मास्टर किल्लीनं उघडलं.

सई जमिनीवर पडली होती. मनगट एवढंसं... माझ्या दोन बोटांत मावत होतं. आणि टेबलावर, खुर्चीवर, पलंगाखाली ताटं. सगळी फॉइल लावलेली, एकही उघडलेलं नाही. वास असा की मी अजूनही नाकावरून पदर काढत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाली, पोटात अन्न नसल्यामुळे शरीराचं सगळं गणित बिघडलंय, हृदय कधीही थांबलं असतं. वैशाली प्लेनोहून धावत आली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "पोटभर ना, काकू?"

शुद्धीवर आल्यावर सईनं आम्हाला दोघींना सांगितलं. अगदी साधेपणानं, जणू हवामान सांगतेय. "सुट्टीनंतरही हेली रोज आणायची. बसायची बेडवर. म्हणायची, फिनिश इट ऑल, मग मी जाऊ शकते." आणि मग, "सो आय डिडन्ट."

वैशालीला कळलं नाही. मला कळलं. ताट संपलं की हेली जाणार. म्हणून ही पोर उपाशी राहत होती, तिनं उद्या पुन्हा यावं म्हणून.

नळीतून किती दिवस जगवणार? नर्स सूप घेऊन आली. सई तोंड उघडेना. वैशालीनं समजावलं, रागावली, पाया पडायची बाकी राहिली. शेवटी मी चमचा घेतला. म्हटलं, "सई, ती थकली असेल गं. किती जिने चढवणार आहेस तिला?"

सई माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली. मी वळून बघितलं नाही. मी, हडळीच्या डोक्यावर थुंकणारी, वळून बघितलं नाही. मग तिनं तोंड उघडलं. पहिल्या घोटाबरोबर ती रडली, सुट्टीनंतर पहिल्यांदा.

शहाणे लोक म्हणतात, उपासानं भास होतात, तीच झोपेत उठून ताटं वाढत असेल. असेल. तिला बाजूच्या बाथरूमपर्यंत चालवत नव्हतं, आणि मराठी तिला वाचताही येत नाही. गरम ताटाचं तर मी आणि रोझा आपसातही बोलत नाही. एरवी मी एखादं उत्तर बनवलं असतं.

सई आता प्लेनोला घरून कॉलेज करते. वैशाली माझ्याशी बोलायला लागली आहे, थोडं थोडं. परवा म्हणाली, वजन भरलंय, गालावर रंग आलाय, तिन्ही वेळा जेवते. फक्त एक गोष्ट. पोळी असो, पिझ्झा असो, भात असो — शेवटचा घास ती ताटात ठेवते. घरच्यांनी किती सांगितलं, पानात टाकू नये. ऐकत नाही. रोज एक घास उरवते, आणि ताट झाकून ठेवते.