जमनीचे दोनशे अठ्ठावीस दिवस

संध्याकाळी साडेचारचा भोंगा झाला की टाइम ऑफिसच्या खिडकीतून एक पिवळं बोट आत यायचं. आधी बोट, मग आवाज. "माजा दिस लागला का, सायेब?" मी हजेरीचं मस्टर तिच्याकडे फिरवायचो आणि तिच्या ओळीतला त्या दिवसाचा चौकोन दाखवायचो. जमनीला वाचता येत नव्हतं. सकाळी मी टाकलेल्या 'पी'वर ती बोट टेकवायची, क्षणभर तसंच ठेवायची आणि निघून जायची. चौकोनात एक पिवळा ठिपका उरायचा. ती रंगाच्या पॅकिंगला होती आणि तो रंग साबणाला दाद देत नसे.

पहिल्या आठवड्यात मी तिला हटकलं होतं. मस्टर खराब होतं, वरचे साहेब मला बोलतील, असं सांगून पाहिलं. "हात लावल्याबिगर मी जाणार नाय," ती म्हणाली. "ईटभट्टीवर मुकादम रोज बोलायचा, लिवलं, लिवलं. पावसाच्या तोंडाला बगलं, तर कायच लिवलं नव्हतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. मागे रांग खोळंबली होती, म्हणून मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळा गप्पच बसायचो.

मी जातीचा भित्रा माणूस. सांगलीकडचं गाव सोडून बोईसरला आलो तो नोकरीसाठी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत या रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो, भाड्याच्या एका खोलीत बायको आणि तान्ही मुलगी आणली, आणि त्या दिवसापासून ही नोकरी जाईल या भीतीत राहिलो. साहेबाच्या गाडीचा हॉर्न वाजला तरी मी हातातलं पेन ठेवून उभा राहायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठीमागे तर तो खुर्ची टाकून बसलेला असायचा. आज हे लिहितो आहे तेही निवृत्त होऊन ग्रॅच्युइटी हातात पडल्यावर. वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

माझं एक काम मात्र असं होतं की इतरांनीच मला घाबरावं. हंगामी कामगाराचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की तो कायम होण्याचा हक्क सांगू शकत असे. ते भरू नयेत म्हणून दर महिन्याला मी दोनशेच्या पुढे गेलेल्यांची यादी करून वर पाठवायची. मग त्या लोकांना 'ब्रेक' मिळायचा. थोडे दिवस घरी बसा, मग नवा अर्ज, नवा बिल्ला, आणि दिवस पुन्हा एकपासून. यादी घेऊन जिना चढताना मी कुणाच्या नजरेला नजर देत नसे. मी काही ठरवत नाही, फक्त मोजतो, असं स्वतःला सांगायचो.

डोंगराकडच्या माणसांची नावं मात्र या यादीत घालायची गरजच पडत नसे. वाणगावच्या पलीकडच्या पाड्यांवरून आलेले सगळे आषाढात आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आपण होऊन निघून जात. कुणी अडवलं तरी थांबत नसत. सावडीची रीत होती. मी तुझ्या शेतात वाकले तर तू माझ्या शेतात वाकणार, आणि जो घरातून आला नाही त्याच्या शेतात कुणी पाऊल टाकणार नाही. "ते लोक पावसाला आपोआप ब्रेक घेतात," असं आमचे कामगार अधिकारी हसत म्हणत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

जमनी त्या पाड्यांवरचीच. तिने हे सगळं कुणाकडून समजून घेतलं कोण जाणे. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून ती दसऱ्यानंतर कामावर आली होती. जूनमध्ये एकदा बोट टेकवून झाल्यावर ती हलली नाही. हळूच म्हणाली, "किती झालं?" मी मोजून सांगितलं. "मंग अवंदा मी आवणीला नाय गेले, तर?"

मी तिच्या मागे कुणी ऐकतंय का ते पाहिलं. ती गेली नाही तर तिचे दोनशे चाळीस भरणार होते आणि वरच्या कुणाच्या ते लक्षातही येणार नव्हतं. लक्षात आणून द्यायचं काम माझं होतं. "तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं. ती म्हणाली, "भ्या हाय ना. भ्या हाय तर हाय. दिस तर भराया पायजे." हे तिचं नेहमीचं वाक्य होतं. पाइपांमधून वाफ सुटली, कुणाची कातडी भाजली, रात्रीत कुणाला काढून टाकलं, सगळ्याला तिचं हेच उत्तर असायचं. त्या महिन्याच्या यादीत मी तिचं नाव घातलं नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. यादीत डोंगरातली नावं कधी नसतच.

जुलै उजाडला. पॅकिंगच्या बाकीच्या बाया आवणीला गेल्या, त्यांच्या जागी ठेकेदाराने चार नवे पुरुष आणले. कामगार अधिकाऱ्यांनी जाता जाता विचारलं, "डोंगरवाले गेले ना सगळे?" मी म्हणालो, "हो साहेब." तोंडातून निघून गेलं. त्यानंतरचे कित्येक दिवस ते जिन्यावरून उतरले की मी मस्टरवर कोपर ठेवून बसायचो. चोराच्या मनात चांदणे.

दोनशे अठ्ठाविसाव्या दिवशी जमनी खिडकीशी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. नवऱ्याला कावीळ झाली होती, तो उठूही शकत नव्हता. "रोप म्हातारं व्हाया लागलंय. घरातनं कोन गेलं नाय, तर आमच्या शेतात कोन येनार? मंग वरीसभर खानार काय?" बारा दिवस उरले होते. तिने इकडेतिकडे पाहिलं. "उद्यापासून माजी भैन येल. बारकी. माज्याच बिल्ल्यावर. आवणी झाली का मी हाय." सासरच्या सावडीत बहिणीचा हात चालत नव्हता, पण कारखान्यात कुणाचाही हात चालतो, हे तिला बरोबर कळलं होतं. मी काहीच बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाची तीच परवानगी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदराने तोंड झाकलेल्या एका मुलीने जमनीचा पितळी बिल्ला खिडकीत ठेवला. हात कोरा होता, बोटांना रंगाचा डाग नव्हता. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी 'पी' लिहिला तेव्हा पेन कागदात रुतलं. संध्याकाळी ती हजेरी बघायला थांबली नाही, मान खाली घालून भरभर निघून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ॲसिडच्या टाकीजवळची पाइप फुटली. भोपाळनंतरचा तो दुसराच पावसाळा. तांबूस धूर शेडच्या दारातून बाहेर येताना दिसला आणि माणसं ओरडली नाहीत, नुसती पळाली. मला आठवतो तो फक्त चपलांचा आवाज. मी मस्टर छातीशी धरून फाटकाबाहेर आलो. डोळे चुरचुरत होते, घसा आवळल्यासारखा झाला होता, आणि तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता हजेरी घ्यावी लागणार.

रस्त्याच्या कडेला पावसात उभा राहून मी नावं पुकारली. प्रत्येक नावाला 'हाय' आलं. जमनीचं नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही. पुन्हा घेतलं. कामगार अधिकाऱ्यांनी ओळीवर बोट ठेवून विचारलं, "सकाळी हजर आहे ना?" मी मान हलवली. ठेकेदाराच्या नव्या माणसांपैकी एकाने सांगितलं की ती बाई मघाशी शेवटच्या टोकाला पोती शिवत होती.

तेवढ्यात आमचा दांडी गावचा वॉचमन पुढे आला. "पाठच्या कुंपणातनं एक पोरगी पलाली बगा. रेल्वेच्या बाजूला गेली. पन ती जमनी नव्हती. जमनीला मी वलखतो."

त्याच्या बोलण्याचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या शंभरेक माणसांत मला एकट्याला कळला. पळाली ती बारकी होती. आत कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तीन दिवस जमनीच्या नावापुढे 'पी' कुणी लिहिला. मला माझी खोली दिसली, मुलीचा पाळणा दिसला. मी मस्टर मिटलं.

रामकिशन नावाचा फिटर होता, उत्तरेकडचा. तो डोक्याला ओला पंचा गुंडाळत माझ्याकडे आला. "बहन अंदर है क्या, बाबू?" मी म्हणालो, "मालूम नहीं." तो आत गेला. पाच-सात मिनिटांनी धडपडत बाहेर आला, गुडघ्यावर बसून खोकला आणि म्हणाला, "कोने तक नहीं पहुँचा." त्याने पंचा पुन्हा पाण्यात बुडवला. तेव्हाही मी बोललो नाही. तो दुसऱ्यांदा आत गेला, आणि या वेळी त्याला दोघांनी ओढून बाहेर काढलं. पालघरच्या दवाखान्यात नेताना त्याच्या छातीतून येणारी शिटी मला गाडीबाहेर ऐकू येत होती.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, धुरामुळे मळमळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनी आली. फाटकावर वॉचमन तिला बघून दोन पावलं मागे सरला, कारण तोवर ती मेली असंच सगळे धरून चालले होते. शेडमध्ये माणसं तिचं प्रेत शोधत होती. तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता. बारकी रडत पाड्यावर पोचली होती आणि जमनी आवणी अर्धी टाकून पहाटेच निघाली होती. ती थरथरत होती. इतके दिवस 'भ्या हाय तर हाय' म्हणणारीला भीती खरोखरच वाटते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मी आत नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी नव्हतेच. माजी भैन व्हती, ती घरी हाय. कोनी आत जाव नका."

तिला वरच्या ऑफिसात नेलं, मलाही मस्टर घेऊन बोलावलं. कामगार अधिकाऱ्यांनी विचारलं, "हजेरी घेणाऱ्याला माहीत होतं?" मी मस्टर टेबलावर ठेवलं. जमनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्यांना काय ठाव? आमी तोंड झाकून येताव."

"म्हणजे आजवर किती दिवस तू आलीस आणि किती दिवस बहीण, याचा काय भरवसा? सगळेच दिवस खोटे धरावे लागतील."

ती टेबलाशी आली. अक्षर ओळखत नव्हती, पण मस्टरची पानं उलटत आपली ओळ तिने बरोबर काढली. पानामागून पान, ओळभर पिवळे ठिपके. शेवटच्या तीन चौकोनांत ठिपका नव्हता. "हे तीन माजे नाय, खोडा. जितं माजं बोट हाय, तो दिस माजा."

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, "हे डाग कसले?"

नऊ महिने रोज संध्याकाळी ते बोट माझ्या डोळ्यांदेखत टेकलं होतं. मी म्हणालो, "कारखानाच रंगाचा आहे साहेब. डाग पडतातच."

तेव्हा मात्र तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वीटभट्टीवर शेवटच्या दिवशी मुकादमाकडे तिने असंच पाहिलं असेल. मग तिने बिल्ला टेबलावर ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

माझी नोकरी राहिली. पुढच्याच वर्षी मी कायम झालो. रामकिशन वाचला, पण त्याला दम लागू लागला. थोड्या महिन्यांनी तो हिशेब घेऊन आपल्या मुलखाला निघून गेला. दवाखान्यात त्याला बघायला मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. त्याने विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

जमनी मला त्यानंतर एकदाच भेटली, सहा-सात वर्षांनी, वाणगाव स्टेशनात. डोक्यावर मिरच्यांची पाटी होती. मी दुसरीकडे बघायच्या आत तिने मला ओळखलं. तिचं बोट आता कोरं होतं. मुलगी केवढी झाली ते तिने विचारलं, आणि मग म्हणाली, "रामकिसन भाऊची काय खबर?"

मी म्हणालो, काही कळलं नाही.

"मी गेलती त्याला बगाया, दसऱ्यानंतर, पालघरला. त्याच आवणीचं तांदूल नेलं व्हतं, मुलकाला जायच्या आधी खाईल म्हनून. त्याला सांगितलं, भाऊ, मी आत नव्हतेच रे. तो हसला. बोलला, बहन, तू जिंदा है, बस."

गाडीची घंटा झाली. तिने पाटी सावरली. दोन पावलं पुढे जाऊन ती वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं नाव नाय घेतलं मी. त्याच्याकडंबी नाय."

ते ऐकून मला एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांनीही माझ्या मनात आधी आली ती सुटकेची भावना. लाज तिच्यामागून आली, गाडी सुटून बोईसर येता येता.