बोर्डाच्या हाताला बिरोबाचा भंडारा

राजाबाई म्हंजी माझी थोरली जाऊ. तोंडानं फटकळ, पर मेंढरांवर लई जीव. आमचा माळ मंगळवेढ्याच्या दक्षिणेला. उन्हाळ्यात सगळ्या माळाला पाणी एकच, लोकल बोर्डाची हीर आन् तिच्यापुढची, जनावरांनी पाणी प्यायची दगडी डोण. सडकेचं काम निघालं तवा गुत्तेदारानं हिरीला काट्याची कुपाटी घातली. सडक झाली, कुपाटी तशीच! बोर्डाच्या हिरीचं पाणी मेल्याच्या मळ्यातल्या मिरचीला, आन् आमची मेंढरं तीन कोसावरच्या ओढ्याला. दोन कोकरं वाटंतच मेली. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

आमच्या गडीमाणसांनी बोर्डाला तीन अर्ज धाडले. वरीस गेलं, उत्तर न्हाई. राजाबाई म्हणाली, "अर्ज कशाला? सिद्धाप्पानं भंडारा उचललाय की."

सिद्धाप्पा आमच्या भागातनं निवडून गेलेला बोर्डाचा मेंबर. मतं मागाय बिरोबाच्या देवळात आला, तवा देवाची हळद हातावर घिऊन म्हणाला हुता, "कुणाचं पाणी अडू देणार न्हाई." आमच्यात असा भंडारा उचलला की शबूद पुरा हुईस्तवर सुटका न्हाई.

राजाबाईनं देवळातला भंडारा पदराला बांधला. मला म्हणाली, "फुले, चल सोलापूरला." दोन दिस चाललो. बोर्डाच्या कचेरीबाहेर सिद्धाप्पा दिसला, डोईला जरीचा पटका.

"अगं बाई, हितं कुटं आलीस? तुला मत तरी हाय का?"

त्या वक्ताला, इंग्रजाच्या राज्यात, मत जमिनीचा सारा भरणाऱ्यालाच असायचं. "मत न्हाई अप्पा," राजाबाईनं पदराची गाठ सोडली, "भंडारा हाय."

सिद्धाप्पाचं तोंड उतरलं. माणूस वाईट न्हवता, निवडून आल्यावर विसरला हुता एवढंच. "चल आत," म्हणाला, "पर मागं बस, बोलू नगंस."

बोलू नगंस म्हणं! आत बैठक भरली हुती. सिद्धाप्पानं उठून हिरीचं सांगितलं. एक काळ्या कोटातला मेंबर म्हणाला, "याबद्दल एकही अर्ज आलेला नाही."

राजाबाई ताडकन उठली. "तीन आलेत. त्यांच्यावर कोण बसलंय ते बगा!"

सगळे हसले. पर अध्यक्षांनी कारकुनाला दप्तर सोडाय लावलं, आन् तिन्ही अर्ज निघाले की धूळ खात पडलेले. अध्यक्ष म्हणाले, "कुंपण काढून विहीर मोकळी करावी, असा ठराव. कबूल असेल त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. राजाबाईला वाटलं, शपथ चाललीया, आन् ती बी भंडाऱ्याबिगर! "थांबा, थांबा!" म्हणत ती फुडं झाली आन् रांगंनं एकेकाच्या वर केलेल्या तळहाताला हळद लावत सुटली. म्या डोळंच मिटलं. म्हटलं, आता शिपाई बखोट धरतोय. पर कुणी हललं न्हाई. कोटवाल्याचा हात तेवढा खाली हुता. राजाबाई चिमूट धरून त्याच्यापुढं हुभी ऱ्हायली. शेवटी त्यानं बी हात वर केला.

"आता शबूद पुरा हुईस्तवर सुटका न्हाई बरं का, मालक!" तिनं सगळ्यांस्नी बजावलं. अध्यक्ष आपल्या पिवळ्या हाताकडं बगत ऱ्हायले.

आठव्या दिशी सिद्धाप्पा चार गडी घिऊन हिरीवर आला. कुपाटी उपटली, डोण काठोकाठ भरली. आमची मेंढरं पळत आली आन् पाण्याला तोंडं लावली. मला तर रडूच फुटलं. गुत्तेदार मिरचीत हुभा राहून बगत हुता. बग मेल्या, म्हटलं, डोळं भरून बग!

सिद्धाप्पा जायला निघाला. "थांबा अप्पा," राजाबाई म्हणाली. लंगडी म्हातारी मेंढी अजून मागं ऱ्हायली हुती. ती आली, पोटभर प्याली. मग राजाबाईनं डोणीतनं तांब्या भरला.

"हात फुडं करा."

त्यानं पटका सावरत हात केला. तिनं तळहातावर धार धरली.

"सुटलासा तुमी," ती म्हणाली. "बाकीच्यांस्नी बी सांगा, हात धुवा म्हणावं."