कोथिंबिरीखालची काळजी

आमच्या घरी सामानाची यादी एकच, नवरा, लेक आणि मी, तिघांच्याही फोनवर दिसणारी. मी मराठीच लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत. लेकीला देवनागरी भरभर वाचता येत नाही. माझी स्वतःची यादी वेगळी. ती कुणालाच दिसत नाही.

ऑगस्टअखेर लेकीचं डेब्ज होतं. म्हणजे इथे शाळा संपल्यावर होणारा निरोपाचा नाच: लांब गाऊन, जोडीला एक मुलगा, सगळ्यांना दूरच्या हॉटेलात नेणारी बस, परत यायला पहाट. एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये मी काळज्या लिहून काढल्या. लिहिल्या की हलक्या होतात. बसमध्ये दारू? मुलगा कसा आहे? अडचण आली तर मला फोन करेल? आणि शेवटी, बसच्या मागे गाडी नेणे.

संध्याकाळी दुकानात यादी उघडली तर कोथिंबीर, दही आणि त्याखाली हे सगळं. मी चुकीच्या यादीत लिहिलं होतं. ट्रॉली धरून उभी राहिले. पाहता पाहता पहिल्या ओळीवर खूण उमटली, पुढे इंग्रजीत उत्तर: टीचर बॅगा तपासतात. मग दुसरीवर: तू त्याला दोनदा पोहे खायला घातलेस, आई. शेवटच्या दोन ओळी तशाच राहिल्या.

डेब्जच्या दिवशी तो मुलगा तिच्या मनगटासाठी फुलं आणि माझ्यासाठी चॉकलेटं घेऊन आला. इथली रीतच ती. शॅनन नदीवरून येणारं तिरपं ऊन खोलीभर तरंगत होतं. हिरव्या गाऊनमधली लेक त्यात पाण्याखालून चालल्यासारखी वाटली. क्षणभर मला टॉवेल गुंडाळून गिरक्या घेणारी पाच वर्षांची पोर दिसली, क्षणात कुणी अनोळखी बाई.

दोघांना शाळेपाशी सोडलं. बसमध्ये चढण्याआधी तिने माझ्या मुठीतली गाडीची किल्ली पाहिली.

"आई, आर यू फॉलोइंग अस?"

"तू सांग."

"गो होम. आय'ल रिंग इफ आय नीड यू."

बस पुलाकडे वळली, काचेमागचा हिरवा रंग उन्हात विरघळला. मी गाडीत बसून यादीतली शेवटची, बसमागे गाडी नेण्याची ओळ पुसली. तेवढ्यात 'मला फोन करेल?' या ओळीवर खूण उमटली. खाली नवी ओळ, पहिल्यांदाच तिच्या मराठीत:

उद्या पोहे. दोघांना.

मी गाडी घराकडे वळवली.