दगडावर नसलेलं नाव

सलोमी आत्याच्या थडग्यावरचा दगड मुख्य भूमीवरच्या टाउन्सव्हिल शहरातच घडवायला टाकायचा होता, म्हणून तिचा थोरला मुलगा गिडियन बेटावरून आला आणि सरळ तबिताच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा झाल्यावर त्याने खिशातून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"तू लिही गं. तुझं अक्षर चांगलं आहे. मागच्या वेळी त्या दगडवाल्याने बाबांच्या नावाची पार वाट लावली."

"काय लिहू?"

"आईचं नाव, जन्माचं साल, गेली ती तारीख. आणि खाली पोरांची नावं. आम्हा सहाजणांची."

तबिताने ठसठशीत अक्षरात लिहायला घेतलं. पहिलं गिडियनचं, मग दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्या आणि पाचव्या नावाच्या मध्ये तिचा हात थांबला, कारण त्या जागी ती स्वतः होती. गिडियनला ते ठाऊक होतं. बेटावरच्या प्रत्येक घराला ठाऊक होतं. गिडियन कपाच्या तळाशी काहीतरी सापडेल अशा नजरेने आत बघत बसला.

"थकलीस का?"

"नाही रे. पेन अडकलं," तबिता म्हणाली आणि तिने पाचवं नाव लिहिलं.

आमच्या बेटांवर मूल देतात. हे ऐकून मुख्य भूमीवरच्या बायका डोळे पुसतात, आणि शिकलेली माणसं वा वा करतात. मला दोघांचाही राग येतो. त्यात वा वा करण्यासारखं काही नाही आणि रडण्यासारखंही नेहमीच नसतं. भावाला मुलगी नाही, बहिणीला पुन्हा दिवस गेलेत, तर बहीण पोटावर हात ठेवून सांगते, हे तुझं. त्याने दोन घरं एकमेकांशी बांधली जातात. एकच अट, की पुढे कुणी ब्र काढायचा नाही. सांगायचा अधिकार फक्त वाढवणाऱ्या आईबापांचा. त्यांनी सांगितलं तर सांगितलं, नाहीतर जन्म देणारीने मूग गिळून बसायचं, मरेपर्यंत.

सलोमीला तोवर चार मुलं होती. तिचा भाऊ एनॉक, त्याला तीन मुलगे, आणि त्याची बायको मुलीसाठी झुरत होती. सलोमीने पाचवी त्यांच्या पदरात घातली. तिचं नाव तबिता. एनॉकने तिला खांद्यावरून खाली उतरू दिलं नाही. माशाचा पोटाकडचा तुकडा तिचा, होडीत पुढची जागा तिची. तिला काही कमी पडलं असं कुणी म्हणू शकणार नाही, ती स्वतःही म्हणत नाही.

सतराव्या वर्षी रुग्णसेविकेच्या शिक्षणासाठी तिला जन्माचा दाखला काढावा लागला. टपालाने आलेल्या त्या कागदावर आईच्या रकान्यात सलोमी आत्याचं नाव होतं. तिने तो कागद एनॉकला दाखवला. त्याने वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"कागद चुकलाय. सरकारला आपली नावं कधी धड लिहिता आली आहेत?"

आई दोन दिवस चुलीपाशी फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तबिताच म्हणाली, "हो बाबा, चुकलाच असणार." आई उठली आणि तिने भात टाकला. त्या घरात पुन्हा त्या कागदाचं नाव निघालं नाही.

पण तबिता त्या दिवसापासून आत्याकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागली. दर नाताळला आत्या घरच्या सगळ्या मुलींना मोठ्या फुलांचे ढगळ झगे शिवायची, सगळे एकाच ताग्यातले. तबिता आपला झगा उलटा करून शिवण तपासायची. आपल्याला एखादी जास्तीची चुणी, आतून लावलेली एखादी लेस, काहीतरी असेल. काही नसायचं. आत्याने इतक्या भाच्यांत हिला कधी सुईच्या टोकाइतकंही वेगळं काढलं नाही. आत्या शब्दाला पक्की होती. इतकी पक्की, की तबिताला तिचा गळा धरावासा वाटे.

तबिता टाउन्सव्हिलला आली, शिकायचं राहून गेलं, नोकरीला लागली, रेल्वेतल्या आपल्याच बेटांवरच्या एका माणसाशी तिचं लग्न झालं. पण तिच्या जिवाला कधी स्वस्थता म्हणून लाभली नाही. कुठूनही निघायचं असलं की ती सगळ्यांच्या आधी निघायची, मागे राहून कुणाची पाठ बघायला नको म्हणून. नवरा दोन दिवस उशिरा आला तर ती भांडायची नाही, त्याच्या कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवायची. तो बिचारा पिशवी उचलून परत आत न्यायचा. "तुला मी जायला हवाय का गं?" असं त्याने एकदा विचारलं. तिला सांगता आलं नाही, की तिला हवं होतं ते एकच. सलोमी आत्याने तिला एकदा लेक म्हणावं. दारं लावून म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आणि त्या एका शब्दासाठी तिने जे केलं, ते मी बोलायला नको खरं तर. पण ही सगळी हकीगतच बोलायला नको अशी आहे.

एनॉकचा मधला मुलगा आमोस आणि त्याची बायको जेमिमा यांना मूल होत नव्हतं. त्यांनी तबिताकडे मागितलं नव्हतं. तिला एक मुलगी होती, रूथ, पाच वर्षांची, आणि दुसऱ्यांदा सहावा महिना चालू होता. एके दिवशी ती विमानाने बेटावर गेली, आमोसच्या ओसरीवर बसली आणि म्हणाली, "हे तुमचं."

जेमिमा तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडली. गावाने तबिताचं कौतुक केलं, केवढं मोठं मन म्हणाले. मन कसलं मोठं? तिने हिशेब केला होता, की पोटचं दिल्याचं दुःख एकदा आपल्यालाही झालं, की आत्या येईल, जवळ बसेल, म्हणेल, आता कळलं ना तुला, मला कसं झालं होतं ते. दुःखात माणसाची जीभ सैल होते असं तिला वाटलं होतं.

बाळंतपण झालं. मुलगीच झाली. आत्या आली खरी. तिने बाळाला न्हाऊ घातलं, पुसलं, कपड्यात गुंडाळलं, उजेडात धरून पाहिलं.

"डोकं छान गोल आहे पोरीचं," आत्या म्हणाली आणि बाळ जेमिमाच्या हातात देऊन घरी निघून गेली.

तबिता दूध भरल्या छातीने टाउन्सव्हिलला परतली. तिथे रूथने आपले दोन फ्रॉक आणि चपला एका पिशवीत भरून ठेवल्या होत्या. "आता माझा नंबर का?" असं तिने विचारलं. पुढे वर्षभर ती पोर पायात बूट घालून झोपायची. नवऱ्याने लांबच्या रुळांवरची कामं मागून घेतली. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. आमच्याकडे न बोलण्याची सवय चांगली असते.

त्या बाळाचं नाव जेमिमाने लोइस ठेवलं. लोइस तबिताला आत्या म्हणायची, आणि मोठेपणी सुट्टीत आली की तिच्या गळ्यात पडायची. तबिता तिला धरून ठेवायची नाही. धरलं तर सुटणार नाही अशी भीती होती.

म्हातारपणी सलोमी आत्याची मूत्रपिंडं निकामी झाली. बेटावर डायलिसिसची सोय नव्हती, म्हणून तिला टाउन्सव्हिलच्या रुग्णांच्या वसतिगृहात ठेवलं, जिथे तबिता आता स्वयंपाकघर सांभाळत होती. चौदा महिने. तबिताने तिला नारळाच्या दुधातली मासळी मीठ न घालता करून भरवली, नखं कापली, केस विंचरले, आठवड्यातून तीनदा गाडीतून नेऊन आणलं. नर्सबाईंनी एकदा विचारलं, "या तुमच्या आई का?" तबिता जिवाचा कान करून थांबली.

"भाची आहे माझी," आत्या म्हणाली. "फार गुणाची."

शेवटच्या महिन्यात एका दुपारी तबिताने तिच्या पायांना तेल लावता लावता विचारून टाकलं.

"आत्या, मी कोणाची गं?"

"एनॉकची."

"बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आईही गेली. आता कोणाला वाईट वाटणार आहे?"

"मी त्याला शब्द दिलाय."

"आणि मला? मला काय दिलंस?"

आत्याने पाय आखडून घेतला. "तेल पुरे. डागांनी चादर खराब होते."

ती मंगळवारी गेली. अंत्यविधीत सख्खी पोरं मधल्या चटईवर बसली आणि भाच्या पुतण्या मागे. तबिता मागे बसली.

दोन वर्षांनी दगड उघडायचा दिवस आला. माणूस पुरल्याने आमच्याकडे शोक संपत नाही. दगड घडवून, कापडात गुंडाळून, सगळ्या गोतावळ्यासमोर उघडला की मगच तो संपतो. आणि मग नाचायचं, जेवायचं. त्या सकाळी पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, सुनांनी एकेक कापड सोडवलं. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं निघाली. 'सहा मुलांची लाडकी आई.' अक्षरांचं वळण तबिताचं होतं, दगडवाल्याने तिच्या कागदावरूनच ते उतरवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

दुपारी मंडपामागे ती लोइसच्या शेजारी रताळी सोलत बसली. ढोल वाजत होते, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर उकरून काढण्याची धांदल चालली होती. लोइस आता सत्तावीस वर्षांची, बेटावरच्या शाळेत शिक्षिका. तिचं डोकं अजून छान गोल होतं. तबिताला वाटलं, ही पोरसुद्धा आपल्यासारखीच झुरत असेल, माझा झगा उलटून बघत असेल. आपल्यामागे हिने दगडापुढे उभं राहून टाळ्या वाजवू नयेत. तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"लोइस, मी तुझी आई आहे."

लोइस सोलायची थांबली नाही. "माहीत आहे मला."

"माहीत आहे? कधीपासून?"

"सोळाव्या वर्षी, गाडीच्या परवान्याला दाखला लागणार होता ना, त्याच्या आदल्या दिवशी. कागदाने सांगायच्या आत मी सांगते म्हणाली आई. माझं डोकं मांडीवर घेऊन सगळं सांगितलं तिने."

"मग तू मला कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तू आत्या होतीस. मला आत्या फार आवडायची." लोइसने पहिल्यांदा वर पाहिलं. "तू आज का सांगितलंस गं? इथे, आई तिकडे भात वाढतेय, आणि तू..."

"तुला हवं असेल असं वाटलं."

"मला? मी कधी मागितलं?" लोइसने सुरी टोपलीत टाकली. "बरं, आता तूच काढलास विषय, तर एक सांग. आई म्हणते, त्यांनी मागितलंसुद्धा नव्हतं, तू आपणहून आलीस. मी आजवर सगळ्यांना सांगत आले, माझ्या आत्याचं मन केवढं मोठं. आईबाबांचं रिकामं घर तिला बघवलं नाही. तसंच ना? त्यांच्यासाठीच दिलंस ना मला?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. कुठल्याही बाईने हो म्हटलं असतं. पण तबिताची नजर, तिला नको असताना, मंडपापलीकडे त्या नव्या काळ्या दगडाकडे गेली आणि तिथेच राहिली.

लोइसनेही तिकडे पाहिलं. शिक्षिका होती, हुशार होती. सलोमी आजीच्या उशाशी ही बाई चौदा महिने कशाची वाट बघत बसली होती, ते सगळ्या बेटासारखं तिलाही ठाऊक होतं.

"तिच्यासाठी?" लोइस म्हणाली. "तिने तुझ्याशी बोलावं म्हणून?"

"लोइस, ऐक..."

"बोलली का ती मग?"

तबिताने मान हलवली. नाही.

लोइस उठली, झग्याला हात पुसले आणि भात वाढणाऱ्या जेमिमाच्या मागे जाऊन तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घालून उभी राहिली. जेमिमाने हातातला भाताचा डाव न सोडता मागे वळून विचारलं, काय गं झालं? तिने सांगितलं की नाही, ते तबिताला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. रताळी अर्ध्याहून जास्त राहिली होती. ती तिने सोलून टाकली.

याला आता पाच वर्षं झाली. सणावाराला तबिता आमोसच्या घरी फोन करते. कधीकधी तो लोइस उचलते. पलीकडून आवाज ओळखल्यावर ती आईही म्हणत नाही, आत्याही म्हणत नाही.

"थांबा हं," म्हणते. "बाबांना देते."